तेरा टक्के आणि पंधरा माणसे : नेपाळच्या प्रतिनिधी सभेचे एक वाचन

२० नोव्हेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी काठमांडूत, जागतिक बौद्ध परिषदेच्या चौथ्या अधिवेशनात, बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. ते भाषण आपण वाचलेले असते. अभ्यासवर्गांतून त्यावर वादही घातलेले असतात. पण ज्या शहरात ते भाषण झाले त्या शहरावर त्या दिवशी कोणत्या कायद्याची सावली होती, हे आपण सहसा विचारीत नाही. १८५४ साली जंगबहादूर राणाने केलेला मुलुकी ऐन तेव्हा रद्द झालेला नव्हता. या ऐनाने साऱ्या प्रजेची जातवार उतरंड लावून दिली होती. वर जानवेधारी, खाली ‘पानी नचल्ने’, म्हणजे ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही असे, आणि त्यांच्यातही अगदी तळाशी ज्यांना शिवल्यावर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागते ते कामी, सार्की, दमाई, गाइने, बादी. एकाच गुन्ह्याला जातीप्रमाणे निरनिराळी शिक्षा होती. आपल्याकडे मनुस्मृती १९२७ साली महाडला जाळली गेली. नेपाळात तिचे तत्त्व सरकारी कायदा म्हणून १९६३ पर्यंत पुस्तकात राहिले.

हे आठवण्याचे कारण असे की गेल्या काही वर्षांत आपल्या चळवळीतल्या व्याख्यानांतून नेपाळचा उल्लेख मोठ्या कौतुकाने होऊ लागला आहे. राजा गेला, हिंदू राष्ट्र गेले, प्रजासत्ताक आले, आणि २०१५ च्या संविधानाने दलितांना शासनाच्या सर्व अंगांत समानुपातिक वाटा दिला, असे सांगितले जाते. एका शिबिरात एका कार्यकर्त्या मित्राने तर ‘जे आपल्याला पंचाहत्तर वर्षांत जमले नाही ते त्यांनी एका कलमात केले’ असे जाहीर करून टाकले. टाळ्याही पडल्या. मी टाळ्या वाजविल्या नाहीत, पण उठून बोललोही नाही, कारण ते कलम मी तोवर वाचलेले नव्हते. शिबिराहून परतल्यावर वाचले. हा लेख त्या वाचनाचा आहे.

मी साहित्याचा शिक्षक आहे, कायद्याचा नाही. परंतु संविधान हीसुद्धा एक संहिता असते. तिच्यात कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो, कोणता शब्द कुठे येतो आणि कुठे गाळला जातो, हे पाहण्याची आपल्याला सवय आहे. दलित साहित्याने प्रस्थापित वाङ्मयाला जे प्रश्न विचारले तेच प्रश्न कायद्याच्या भाषेला विचारायला हरकत नसावी.

१

आधी या सभागृहाचा थोडा इतिहास. नेपाळच्या संसदेचे कनिष्ठ सभागृह म्हणजे प्रतिनिधी सभा. १९५९ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा तिच्यात १०९ सभासद होते आणि दलित एकही नव्हता. राजा महेंद्राने डिसेंबर १९६० मध्ये ती सभाच मोडून टाकली आणि पुढची तीस वर्षे पंचायत नावाची राजसत्ता चालविली. १९९० च्या जनआंदोलनानंतर सभा पुन्हा आली. आता सभासद २०५ झाले. १९९१ साली त्यांत एक दलित निवडून आला, बाँके जिल्ह्यातून कृष्णसिंह परियार. १९९४ साली एकही नाही. १९९९ सालीही एकही नाही. लोकशाहीच्या पहिल्या दशकात तीन निवडणुका झाल्या, तीन सभागृहे मिळून सहाशेहून अधिक जागा भरल्या गेल्या, आणि देशाच्या लोकसंख्येत तेरा टक्क्यांच्या आसपास असणाऱ्या समाजाला त्यांतली एक जागा मिळाली. हा आकडा ऐकून कोणाला वाटेल की मोजणाऱ्याची चूक झाली असावी. मोजणाऱ्याची चूक नाही. खुल्या स्पर्धेचा निकाल असाच लागत असतो.

या १९९९ च्या सभेची कहाणी पुढे अधिक बोलकी होते. २००२ साली ती विसर्जित झाली. २००६ च्या आंदोलनाने राजाला माघार घ्यायला लावली आणि तीच सभा पुन्हा जिवंत करण्यात आली. त्या पुनःस्थापित सभेने ४ जून २००६ रोजी नेपाळ हे अस्पृश्यतामुक्त राष्ट्र असल्याची घोषणा केली. ज्या सभेवर एकही दलित निवडून आलेला नव्हता, त्या सभेने अस्पृश्यता संपल्याचे जाहीर केले. घोषणा करणाऱ्यांच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. पण रोग बरा झाल्याचे प्रमाणपत्र रोग्याला बाहेर बसवून लिहिले गेले, एवढे तर खरे आहे. त्यानंतर २०११ मध्ये शिक्षेचा स्वतंत्र कायदा झाला, म्हणजे जे संपले म्हणून जाहीर केले होते त्याला शिक्षा ठरवावी लागली. आणि मे २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात, वरच्या मानलेल्या जातीतल्या प्रेयसीला आणायला मित्रांसह गेलेल्या दलित तरुणाच्या मागे गाव लागले आणि सहा तरुणांची प्रेते भेरी नदीतून काढावी लागली. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. फक्त नदीचे नाव वेगळे आहे.

२

२००८ साली संविधान सभेची निवडणूक झाली. राजेशाहीचा अंत याच सभेने केला. तिच्या ६०१ सभासदांपैकी २४० थेट मतदारसंघांतून, ३३५ समानुपातिक पद्धतीने म्हणजे पक्षाला मिळालेल्या एकूण मतांच्या प्रमाणात, आणि २६ नेमणुकीने यायचे होते. या सभेत सुमारे पन्नास दलित आले. त्यांतले सात थेट निवडून आले होते आणि ते सातही माओवादी पक्षाचे होते. शून्यावरून पन्नासावर ही झेप लहान नाही. काठमांडूच्या त्या सभागृहात कामी, दमाई, सार्की, चमार, मुसहर या आडनावांची आणि जातींची माणसे एका वेळी बसली ती प्रथमच. बंदूक, रस्त्यावरची लढाई, दलित संघटनांचा दबाव आणि नवी मतदानपद्धती, या साऱ्यांचे ते फळ होते. ज्यांना समानुपातिक पद्धत हे केवळ तांत्रिक प्रकरण वाटते त्यांनी १९९९ चा शून्य आणि २००८ चे पन्नास हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

मग २०१५ चे संविधान आले. त्याच्या ४० व्या कलमात दलितांचे हक्क आहेत आणि त्यातला पहिलाच हक्क शासनाच्या सर्व अंगांत समानुपातिक समावेशाच्या तत्त्वावर सहभागी होण्याचा आहे. वाक्य भरदार आहे, शंका घेण्यास जागा नाही. कार्यकर्ता मित्र जे कलम सांगत होता ते हेच. पण संहितेचे वाचन पहिल्या सुंदर वाक्यापाशी थांबत नसते. हक्काचे कलम ४० वे आणि सभागृह कसे बनवायचे ते सांगणारे कलम ८४ वे. या दोन कलमांच्या मध्ये काहीतरी हरवले आहे.

८४ व्या कलमाप्रमाणे प्रतिनिधी सभेचे सभासद २७५. त्यांतले १६५ थेट मतदारसंघांतून, ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून, या पद्धतीने. उरलेले ११० समानुपातिक पद्धतीने, साऱ्या देशाचा एकच मतदारसंघ मानून. २००८ मध्ये निवडून द्यायच्या जागांपैकी अठ्ठावन्न टक्के समानुपातिक होत्या, २०१५ मध्ये त्या चाळीस टक्क्यांवर आल्या. दलितांचा वाटा नेमका या चाळीस टक्क्यांतच मोजायचा आहे. २०१७ च्या निवडणूक कायद्याने पक्षांच्या समानुपातिक यादीत कोणाला किती, ते ठरविले. आदिवासी जनजाती २८.७ टक्के, खस आर्य ३१.२, मधेशी १५.३, दलित १३.८, थारू ६.६, मुस्लिम ४.४.

आता साधा त्रैराशिक करू. ११० चे १३.८ टक्के म्हणजे पंधरा माणसे. २७५ चे १३.८ टक्के म्हणजे अडतीस. ४० वे कलम अडतीस जागांची भाषा बोलते, ८४ वे कलम पंधरा जागांचा हिशेब करते. मधल्या तेवीस जागा कोणी चोरल्या असे म्हणता येत नाही, कारण त्या कधी लिहूनच दिल्या नव्हत्या. निकालही हिशेबाला धरूनच लागले. २०१७ मध्ये थेट मतदारसंघांतून तीन दलित निवडून आले, २०२२ मध्ये १६५ पैकी एक. २०२२ ची एकूण संख्या सोळा, म्हणजे सहा टक्क्यांच्याही आत. २००८ ची संविधान सभा ज्या उंचीवर होती तेथून हे घसरणे आहे, आणि ते क्रांतीनंतरच्या, प्रजासत्ताकाच्या, समावेशकतेची शपथ घेतलेल्या संविधानाखाली झालेले आहे.

३

वरच्या यादीतले ‘खस आर्य’ हे नाव घाईत नजरेतून सुटते. तेथे थांबले पाहिजे. हे खस आर्य कोण? संविधानाने त्याच कलमात स्पष्टीकरण दिले आहे : क्षेत्री, ब्राह्मण, ठकुरी आणि संन्यासी (दशनामी). म्हणजे ज्यांचा राजा होता, ज्यांचे राणे होते, ज्यांचे पुरोहित होते आणि ज्यांचे पुढे पंतप्रधानही होत आले ते. थेट निवडल्या जाणाऱ्या १६५ जागांपैकी निम्म्याच्या आसपास जागा या समूहाकडे तशाही जातातच. त्यावर समानुपातिक ११० जागांतही त्यांचा ३१.२ टक्के, म्हणजे चौतीस जागांचा, वाटा राखून ठेवला आहे. दलितांच्या वाट्याच्या दुपटीहून अधिक.

आरक्षण ही कल्पना कशासाठी जन्माला आली? इतिहासाने ज्याला दाराबाहेर ठेवले त्याला आत घेण्यासाठी. येथे जो घरात होता त्यालाच पुन्हा घराची पावती दिलेली आहे. याला समर्थन असे दिले जाते की समानुपात म्हणजे सर्वांचा समानुपात, त्यात कोणाला वगळायचे कशाला. हा युक्तिवाद तेव्हा मान्य करता आला असता जेव्हा तो पूर्ण २७५ जागांना लावला असता. तसे झाले असते तर खस आर्यांचे १६५ मधले जादा सभासद वजा करावे लागले असते. तो हिशेब टाळायचा, थेट जागांत ‘गुणवत्ता’ आणि यादीतल्या जागांत ‘समानुपात’ असे दोन तराजू वापरायचे, आणि दोन्ही तराजूंत आपलेच माप भरून घ्यायचे. आपल्याकडच्या वाचकाला हे वाचताना काही ओळखीचे वाटले, तर तो योगायोग नाही.

मी हे वाचून काही दिवस या समजुतीत होतो की थेट मतदारसंघाच्या पद्धतीत हा दोष अटळ असावा. नेपाळात दलित विखुरलेले आहेत. ते बहुसंख्य आहेत असे मतदारसंघ सापडत नाहीत. मग थेट जागांत कमी निवडून येणार, आणि यादीतून किती भरणार? परंतु त्याच ८४ व्या कलमाचे शेवटाकडचे पोटकलम वाचले आणि ही समजूत गळून पडली. ते पोटकलम स्त्रियांविषयी आहे. संघीय संसदेत प्रत्येक पक्षाच्या एकूण सभासदांपैकी किमान एकतृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत, आणि थेट निवडणुकीतून त्या तेवढ्या आल्या नाहीत तर तूट समानुपातिक यादीतून भरून काढावी, असे ते सांगते. २०२२ मध्ये थेट मतदारसंघांतून फक्त नऊ स्त्रिया निवडून आल्या. तरीही सभागृहात स्त्रियांची संख्या ९१ झाली, कारण तूट यादीतून भरावीच लागली.

म्हणजे युक्ती माहीत आहे. ती लिहिता येते. ती अमलात येते. स्त्रियांसाठी एकूण संख्येवर मोजायचे आणि दलितांसाठी केवळ यादीवर मोजायचे, असा भेद एकाच कलमात, काही ओळींच्या अंतराने केलेला आहे. येथे कायदेतज्ज्ञांची असमर्थता नव्हती. येथे निवड होती. साहित्यात आपण म्हणतो की लेखकाने काय लिहिले याइतकेच त्याला लिहिता येत असूनही त्याने काय लिहिले नाही, हे महत्त्वाचे असते. या संहितेचे न लिहिलेले वाक्य असे आहे : ‘दलितांच्या बाबतीतही तूट भरून काढावी.’ पाच शब्दांनी तेवीस जागा आल्या असत्या.

आणि ज्या स्त्रियांसाठी ही तजवीज झाली त्यांचा लढा लहान नव्हता. त्यांना मिळाले म्हणून आपण कुरकुरू नये. उलट दलित स्त्रीला दोन्ही रकान्यांत बसवून पक्ष एका माणसात दोन हिशेब कसे भागवितात, हे स्त्रीवादी आणि दलित चळवळींनी मिळूनच तपासले पाहिजे.

४

आता आकडे बाजूला ठेवू. समजा अडतीस जागा मिळाल्या. मग ते अडतीस कोणाचे प्रतिनिधी असतील?

नेपाळच्या समानुपातिक यादीला ‘बन्दसूची’ म्हणतात. मतदार पक्षाच्या चिन्हावर शिक्का मारतो, माणसाच्या नावावर नाही. यादीत कोण असावे आणि निकालानंतर त्यातून कोणाला निवडावे, हे पक्ष ठरवितो, आणि पक्ष म्हणजे व्यवहारात चार-दोन पुढारी. दलित मतदाराला दलित प्रतिनिधी निवडता येत नाही. त्याला नाकारताही येत नाही. प्रतिनिधीला आपल्या लोकांपुढे जाऊन मत मागावे लागत नाही, त्यामुळे त्यांचे ऐकावेही लागत नाही. ज्याने यादीत नाव घातले त्याचे मात्र ऐकावे लागते.

येथे आपल्याला पुण्याला परत यावे लागते. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली होती. एक आपला प्रतिनिधी आपणच निवडण्याचे आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघातले. गांधीजींच्या उपोषणापुढे २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. त्याच्या बदल्यात प्राथमिक निवडणूक आली. अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, आणि त्या चारांतून एकाला साऱ्या मतदारांनी. स्वातंत्र्यानंतर तीही चाळणी गेली आणि आजची राखीव जागा उरली, जिथे उमेदवार आपला पण निवडणारे बहुसंख्य इतर. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीवर जो आरोप ठेवला, की तीतून आपल्या लोकांचा नव्हे तर सवर्णांच्या मर्जीतला माणूस निवडून येतो, तो त्यांच्याच १९५२ च्या मुंबईतल्या आणि १९५४ च्या भंडाऱ्यातल्या पराभवाने सिद्ध झाला. १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने कायदेमंडळातल्या राखीव जागाच रद्द करा असा ठराव केला, तो उगाच नव्हे.

या पायऱ्या क्रमाने मांडून पाहाव्यात. पहिली पायरी : आपला प्रतिनिधी आपण निवडतो. दुसरी : आपण चौघे निवडतो, त्यांतला एक सर्वजण निवडतात. तिसरी : पक्ष एक ठरवितो, सर्वजण निवडतात. चौथी : पक्षच ठरवितो आणि पक्षच निवडतो. आपण तिसऱ्या पायरीवर आहोत. नेपाळचे दलित चौथ्या पायरीवर आहेत. आमचा कार्यकर्ता मित्र ज्याला एक पाऊल पुढे म्हणत होता, ती प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने एक पायरी खाली आहे.

तिसरी पायरी काय असते ते मी घरात पाहिले आहे. माझे चुलते एकदा आमच्या गावच्या ग्रामपंचायतीवर राखीव जागेवरून निवडून आले. उमेदवारीचा अर्ज त्यांनी भरला नव्हता, त्यांना बोलावून भरायला लावला गेला होता. कारण ते निमूट होते आणि सही करता येण्याइतके शिकलेले होते. पाच वर्षांत ते किती बैठकांना गेले हे मला ठाऊक नाही. वही घरी यायची. शिपाई दारात उभा राहायचा आणि चुलते उंबऱ्यावर बसून सही करायचे. मी तेव्हा मराठी वाचायला शिकलो होतो. एकदा मी त्यांना वहीतला ठराव मोठ्याने वाचून दाखविला. आमच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीसाठी आलेला पैसा दुसऱ्या कामाला वळविण्याचा तो ठराव होता. चुलत्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला, थोडा वेळ वहीकडे पाहिले आणि सही केली. पुढे कित्येक वर्षे मला त्यांचा राग होता. आज तो राग त्यांच्यावर नाही. सही त्यांची होती, जागा त्यांची नव्हती.

बन्दसूचीतून आलेल्या पंधरा माणसांविषयी म्हणूनच मी उपहासाने बोलणार नाही. त्यांत चळवळीत तुरुंग भोगलेले लोक आहेत, सभागृहात पोटतिडकीने बोलणारे आहेत. परंतु ज्याचे सभासदत्व पुढाऱ्याच्या यादीत आहे त्याच्या पोटतिडकीलाही मर्यादा पडते. पक्षादेशाविरुद्ध मत देऊन तो पुन्हा यादीत येणार नाही. त्याच्यामागे मतदार उभे नाहीत, कारण पद्धतीने ते उभे राहूच दिलेले नाहीत.

५

या संसदेला वरचे सभागृह आहे, राष्ट्रीय सभा. तिच्या ५९ सभासदांपैकी ५६ सात प्रांतांतून येतात, प्रत्येकी आठ, आणि त्या आठांत किमान एक दलित असावाच असे संविधानात थेट लिहिले आहे. म्हणजे किमान सात दलित, बारा टक्क्यांच्या जवळ. आपल्या राज्यसभेत अनुसूचित जातींसाठी एकही राखीव जागा नाही, हे लक्षात घेता याचे मोल आहे. तसेच स्थानिक पातळीवर, देशभरच्या ६,७४३ प्रभागांपैकी प्रत्येकात दलित स्त्रीसाठी एक सभासदत्व राखलेले आहे. २०१७ मध्ये साडेसहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया निवडून आल्या.  आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या सभेत हे सांगून पाहावे, लोक उठून बसतात.

पण मग प्रश्न अधिकच टोचतो. प्रभागात दलित आहे, वरिष्ठ सभागृहात दलित आहे, मग कनिष्ठ सभागृहातच तो का घटतो? उत्तर सत्तेच्या जागेत आहे. नेपाळचा पंतप्रधान प्रतिनिधी सभेच्या बहुमतावर ठरतो. अर्थविधेयक प्रतिनिधी सभेतच मांडले जाते. सरकार पाडायचे तर तेथेच पाडायचे. प्रभागात सत्ता अध्यक्षाच्या हाती, राष्ट्रीय सभेत चर्चा, आणि प्रतिनिधी सभेत तिजोरी व गादी. जेथे जेथे सत्ता पातळ आहे तेथे तेथे समावेश दाट आहे, आणि जेथे सत्ता दाट आहे तेथे समावेश पातळ झाला आहे. हा योगायोग मानण्याइतके आपण भोळे राहू नये.

एक गोष्ट आपल्या बाजूची म्हणूनही सांगितली पाहिजे. दलितांच्या पंधरा जागांतही डोंगरी दलितांचा वरचष्मा आहे. तराईतले मुसहर आणि डोम, जे भूमिहीनांतले भूमिहीन आहेत, ते यादीत क्वचित येतात. एकूण वाटा अपुरा ठेवला की खालच्यांत भांडण लागते, आणि भांडण दाखवून वाटा आणखी अपुरा ठेवता येतो. महाराष्ट्रात राखीव जागांवरून आपल्यातल्याच जाती एकमेकींच्या अंगावर कशा घातल्या जातात, हे आपण पाहत आहोत. पण ‘ते आपल्याला आपसांत लढवितात’ एवढे म्हणून आपली सुटका नाही. मुसहराला जागा देण्याचे काम खस आर्यांच्या कृपेची वाट पाहणारे नव्हे, ते आधी दलित संघटनेचे काम आहे. मातंग, ढोर, मेहतर यांच्याबाबतीत ते आपलेही काम आहे, आणि त्यात आपण कमी पडलो आहोत.

आणखी एक अनुपस्थित मतदार. सुदूर पश्चिम नेपाळच्या अछाम, डोटी, बझाङ या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोटासाठी भारतात येतात. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकांवर, हॉटेलांच्या मोऱ्यांवर आपण त्यांना ‘बहादूर’ म्हणून हाक मारतो आणि त्यांची जात विचारीत नाही, यातच आपल्याला आपले पुरोगामित्व दिसते. त्यांच्यात दलित आहेत. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी राहणाऱ्यांना मतदानाची सोय करावी असा आदेश दिला. २०२२ च्या निवडणुकीत ती झाली नाही. त्यामुळे कामी आणि सार्की तरुण मुंबईत भांडी घाशीत होता तेव्हा त्याच्या नावाचा तेरा टक्क्यांतला हिस्सा काठमांडूत मोजला गेला, त्याचे मत मात्र मोजले गेले नाही.

६

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर तरुण उतरले. समाजमाध्यमांवरची बंदी हे निमित्त होते. पुढाऱ्यांचा भ्रष्टाचार आणि त्यांच्या मुलांची चैन हे कारण होते. गोळीबार झाला, सत्तरहून अधिक माणसे मेली, ९ सप्टेंबरला संसद भवन पेटविले गेले, आणि १२ सप्टेंबरला प्रतिनिधी सभा विसर्जित होऊन ५ मार्च २०२६ ही नव्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली. निवडणूक ठरली ती त्याच ८४ व्या कलमाखाली. सभागृह जळाले, कलम शाबूत राहिले. तरुणांच्या त्या उद्रेकात घराणेशाहीवर राग होता, आणि तो रास्त होता. परंतु घराणेशाहीचे सर्वांत जुने रूप जात हे आहे, आणि जुन्या पुढाऱ्याच्या जागी तरुण पुढारी आणल्याने यादी लिहिणाऱ्या हाताची जात आपोआप बदलत नाही.

यातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, दुसऱ्याच्या संविधानाचे कौतुक करताना हक्काचे कलम आणि रचनेचे कलम दोन्ही वाचावीत. दुसरी, प्रमाण ऐकले की लगेच विचारावे : कशाचे प्रमाण? एकूणाचे की तुकड्याचे? हा प्रश्न नोकऱ्यांना, प्राध्यापकांच्या भरतीला, विद्यापीठाच्या बिंदुनामावलीला तितकाच लागू आहे. विभागवार मोजायचे की विद्यापीठवार, या एका शब्दावर आपल्या कित्येक मुलांच्या जागा गेल्या होत्या, हे शिक्षक वाचकांना सांगायला नको. तिसरी, जागा मोजून झाल्यावर त्या जागेवरच्या माणसाला कोण परत बोलावू शकतो हे विचारावे. ज्याला आपण परत बोलावू शकत नाही तो आपल्यातला असेल, आपला प्रतिनिधी नसेल.

माझ्या वर्गात मी हे ८४ वे कलम फळ्यावर लिहिले आणि विद्यार्थ्यांना न लिहिलेले वाक्य शोधायला सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, तिची आई तिच्या गावच्या पंचायतीत राखीव जागेवर आहे, उभी राहून म्हणाली, ‘सर, बायकांचा नियम खाली आहे, तोच वर का नाही लावला?’ मी तिला उत्तर दिले नाही. तिने तो प्रश्न आधी आपल्या आईच्या वहीला विचारावा, असे मी तिला सांगितले.